गाफील न राहण्याच्या दोन रीती

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गेले आठ महिने रोज सकाळी आनापान करतात, म्हणजे नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवून बसतात. घर मुसलमान, त्यामुळे लहानपणापासून जिक्र, म्हणजे अल्लाहच्या नावाचं स्मरण, कानावर पडलेला. आता श्वास सूक्ष्म झाला की त्यावर आपोआप 'अल्लाह' हे नाव चढतं. ओळखीचे एक जण म्हणतात, दोन्ही मुळात एकच आहे, येऊ दे. दुसरे म्हणतात, दोन दगडांवर पाय ठेवलास, पडशील. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: बौद्ध ध्यान आणि इस्लाममधली चिंतनसाधना यांची नीट तुलना, आणि त्या नावाचं काय करायचं.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी बावीस वर्षं सतिपट्ठानाच्या, म्हणजे शरीर आणि मन जसं आहे तसं बघत राहण्याच्या बौद्ध पद्धतीने बसतो आणि त्यातली बारा-तेरा वर्षं नवख्यांना बसवतो. मधली तीन वर्षं आठवड्यातून एकदा नक्शबंदी या सूफी परंपरेच्या एका हलक्यात, म्हणजे जिक्रासाठी जमणाऱ्या मंडळात, जाऊन बसत होतो. मी मुसलमान नाही. त्यामुळे जिक्राबद्दल जे सांगेन ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलेल्या पाहुण्याचं समजा, घरच्याचं नव्हे.

'ध्यान' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला की घोळ सुरू होतो. बौद्ध परंपरेत मूळ शब्द आहे 'भावना', म्हणजे वाढवणं, मशागत करणं. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्ग' लिहिला, त्यात ४० कम्मट्ठानं, म्हणजे ध्यानाचे विषय, दिले आहेत. श्वास हा त्यातला फक्त एक. रंगीत चकती, कुजत जाणारं प्रेत, मैत्री, बुद्धाच्या गुणांचं स्मरण, मरणाचं स्मरण, असं सगळं त्यात आहे. इस्लामकडेही एकच एक गोष्ट नाही. नावाचा जिक्र आहे, सृष्टीवर विचार करण्याचा तफक्कुर आहे, अंतःकरणावर पहारा ठेवण्याचा मुराकबा आहे, दिवसाअखेर स्वतःचा हिशेब मांडण्याचा मुहासबा आहे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतला मशिदीतला एकांतवास, म्हणजे एतिकाफ आहे, आणि या सगळ्यांच्या आधी पाच वेळची नमाज आहे. लोक काय करतात, एकीकडून डोळे मिटून बसलेला भिक्खू घेतात, दुसरीकडून गिरक्या घेणारा मेवलेवी पंथाचा दर्वेश घेतात आणि 'एक शांत, एक भावुक' असा निकाल देऊन मोकळे होतात.

जोड्या नीट लावल्या तर चित्र बदलतं. नामाच्या जिक्राचा बौद्धांकडचा खरा सोयरा आनापान नाही. तो आहे बुद्धानुस्सती, म्हणजे बुद्धाच्या गुणांचं स्मरण, आणि त्याहून जवळचा म्हणजे जपानमधला नेंबुत्सू, अमिदा बुद्धाचा नामजप. तिथले भिक्खू होनेन (११३३–१२१२) यांनी इतर सगळ्या साधना बाजूला सारून 'नमु अमिदा बुत्सु' एवढ्या नामोच्चारावर भिस्त ठेवली होती. मुहासब्याचा सोयरा 'अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त'. तिथे बुद्ध आपल्या मुलाला सांगतात की आरसा जसा बघण्यासाठी असतो तसं प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर निरखून बघ. इस्लामी विचारवंत अल-गझाली (१०५८–११११) यांनी 'इह्या उलूम अद-दीन'च्या ४० भागांपैकी ३८वा भाग मुराकबा आणि मुहासबा यांना दिला आहे. त्यातही क्रम जवळपास हाच आहे: आधी नफ्साशी, म्हणजे आपल्यातल्या हावऱ्या मीपणाशी, अटी ठरवायच्या, मग पहारा, मग हिशेब. फरक इतकाच की गझालींकडे हिशेब चुकला तर नफ्साला शिक्षाही आहे. राहुलला पुढच्या वेळी जपायला सांगितलं जातं. ३९वा भाग तफक्कुरावर आणि शेवटचा मरणस्मरणावर आहे. मरणाच्या बाबतीत तर दोघांचे शब्द एकमेकांत मिसळले तर ओळखू येणार नाहीत. एक घास चावून गिळेपर्यंत किंवा एक श्वास आत घेऊन सोडेपर्यंतच आपण जगू, असं ज्याला वाटतं तोच खरा अप्रमत्त, म्हणजे गाफील नसलेला, असं अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात आहे. संध्याकाळ झाली तर सकाळची वाट पाहू नकोस, असं पैगंबरांचे सोबती इब्न उमर यांचं वचन बुखारींच्या हदीससंग्रहात आहे.

आता सगळ्यात जवळची जोडी: सती आणि जिक्र. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ आठवण. 'सती' म्हणजे संस्कृतातली स्मृती. आजकाल तिचं भाषांतर 'सजगता' असं करतात, त्यात ही आठवण हरवते. 'मिलिंदपञ्ह' या राजा मिलिंदाबरोबरच्या संवादग्रंथात भिक्खू नागसेन सतीची उपमा राजाच्या खजिनदाराशी देतात. खजिनदार सकाळ-संध्याकाळ राजाला आठवण करून देतो, महाराज, हत्ती इतके, घोडे इतके, सोनं इतकं. जिक्रही तेच, आठवणं. या दोन्ही आठवणींचा शत्रूही एकच. बुद्धाच्या परिनिर्वाणाआधीच्या शेवटच्या वाक्यात 'अप्पमादेन सम्पादेथ' येतं, प्रमाद न करता साधून घ्या. कुरआनच्या सातव्या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, २०५वी आयत सांगते की आपल्या रबला मनातल्या मनात, नम्रतेने, आवाज न चढवता सकाळ-संध्याकाळ आठव, आणि गाफील असणाऱ्यांपैकी होऊ नकोस.

'गाफील' इथे अरबीतही हाच शब्द आहे. मराठी माणसाला या तुलनेत एक फायदा फुकट मिळालेला आहे: सूफींची अर्धी परिभाषा आपण रोज बोलतो, फक्त घसरलेल्या अर्थाने. तफक्कुर ज्यातून येतो तो 'फिक्र' आपल्याकडे येऊन काळजी झाला, फिकीर. साधकाने कमावून टिकवायची पायरी म्हणजे 'मकाम', तिचा आपण रात्रीपुरता मुक्काम केला. न मागता वरून येणारी आणि निघून जाणारी अवस्था म्हणजे 'हाल', आणि आपले मात्र हाल होतात. एकांतातली 'खलवत' तर खलबत होऊन कारस्थानाला लागली.

तर, दोन्हीकडे आठवण. पण कशाची? इथून वाटा फुटतात, आणि हे मला ग्रंथांपेक्षा दोन उपमांनी शिकवलं.

'विसुद्धिमग्ग'मध्ये आनापानासाठी द्वारपालाची उपमा आहे. वेशीवरचा पहारेकरी आत गेलेल्या माणसामागे गावात जात नाही, बाहेर गेलेल्यामागे रानात जात नाही. वेशीशी आला की बघतो, बस. तसं श्वास नाकाशी लागतो तिथे बघायचं. त्याच्यामागे पोटात उतरायचं नाही की बाहेर भटकायचं नाही. दुसरी उपमा गझालींनी दिलेल्या एका गोष्टीतली. सूफी शिबली एकदा दुसरे सूफी अबुल हुसैन नूरींकडे गेले. नूरी एका कोपऱ्यात इतके निश्चल बसले होते की अंगावरचा केसही हलत नव्हता. शिबलींनी विचारलं, हा मुराकबा कुठे शिकलात? नूरी म्हणाले, आमच्याकडे एक मांजर होती, तिच्याकडून. शिकार हवी असली की ती बिळापाशी अशीच बसायची, एक केस हलू द्यायची नाही.

बाहेरून बघणाऱ्याला पहारेकरी आणि मांजर सारखेच स्तब्ध दिसतील. पण मांजरीला काहीतरी हवंय. तिचं सगळं अंग त्या हवं असण्याने ताणलेलं आहे, तिची स्थिरता म्हणजे ओढच. पहारेकऱ्याला कोणी यावं असंही वाटत नाही आणि कोणी जावं असंही वाटत नाही. मी हलक्यात पहिले काही महिने पहारेकऱ्यासारखा बसलो होतो आणि मला वाटत होतं की छान जमतंय. तिथल्या वडीलधाऱ्यांनी एकदा सहज विचारलं, "तुम्ही वाट कुणाची बघता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खूप शांत बसत होतो, पण मुराकबा करत नव्हतो.

मुराकबा या शब्दातच ते आहे. त्याच्या धातूचा अर्थ पहारा देणं, आणि 'अर-रकीब', म्हणजे पहारा ठेवणारा, हे अल्लाहच्या नावांपैकी एक. जिब्रील या फरिश्त्याच्या प्रसिद्ध हदीसमध्ये एहसान, म्हणजे उत्तम रीतीने इबादत करणं, म्हणजे काय ते सांगितलंय: तू अल्लाहला बघतोयस अशी इबादत कर, आणि तू बघत नसलास तरी तो तुला बघतोय. म्हणजे साधक बघायला बसतो आणि बसता बसता कळतं की आपण बघितले जातोय. सतिपट्ठानात याच्या नेमकं उलट होतं. बघणारा कुठाय म्हणून शोध घ्यावा तर बघणं सापडतं, बघणारा सापडत नाही.

लक्ष सुटतं त्या क्षणी हा फरक सगळ्यात उघडा पडतो. मी नवख्यांना नेहमी हाच क्षण तपासायला सांगतो, कारण लक्ष लागलेलं असताना सगळ्या साधना सारख्याच गोड लागतात. सतिपट्ठानात चित्त विखुरलं तर 'विखुरलेलं चित्त आहे' असं जाणायचं, एवढंच. मूळ सुत्तात विखुरलेलं चित्तही निरीक्षणाच्या यादीत सन्मानाने बसवलेलं आहे. म्हणजे चुकणंही कच्चा माल झालं. अपराध कुणाचाच नाही. नक्शबंदींकडे या क्षणाला 'बाजगश्त' म्हणतात, परत वळणं. जिक्र करता करता मन गेलं की मनात म्हणायचं, 'इलाही अंता मक्सूदी व रिदाका मत्लूबी', देवा, माझा मकसद तूच, तुझी खुशी एवढीच माझी मागणी. इथे लक्ष सुटणं ही घटना नाही, ती नात्यातली चूक आहे. समोर बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकता ऐकता आपण खिडकीबाहेर बघितलं, तशी. म्हणून तिथे इस्तिगफार, म्हणजे माफी मागणं, येतो, लाज येते आणि पुष्कळदा डोळ्यांत पाणी येतं. बौद्ध बैठकीत मी विद्यार्थ्यांची लाज काढून टाकायला बघतो. हलक्यात तीच लाज कामाची होती. एकाच मनाला एकाच बैठकीत या दोन्ही सवयी लावायला गेलं तर गडबड होणारच.

विचारांकडे बघण्यातही तसंच. मनात एक विचार उठला. बौद्ध साधक विचारतो, हा कसा आहे? अनित्य आहे का, याने आसक्ती वाढते का? सूफी विचारतो, हा आला कुठून? मनात येणाऱ्या विचारांना ते 'खवातिर' म्हणतात आणि त्यांचं मूळ तपासतात: रबकडून, फरिश्त्याकडून, नफ्सकडून की सैतानाकडून. एकाकडे विचाराची घडण बघतात, दुसऱ्याकडे पाठवणाऱ्याचं नाव.

दोन्हीकडचं 'नाही' फार जवळचं आहे, हे मात्र मान्य करायला हवं. अनत्तलक्खण सुत्तात रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या प्रत्येकाकडे बोट दाखवून म्हटलंय, 'नेतं मम, नेसोहमस्मि, न मेसो अत्ता', हे माझं नाही, हा मी नाही, हा माझा आत्मा नाही. जिक्राचं सगळ्यात मोठं वाक्य 'ला इलाहा इल्लल्लाह'. त्याचेही दोन तुकडे करून शिकवतात. 'ला इलाहा' हा नकार, त्यात मनातले सगळे मालक हाकलायचे: पैसा, नाव, भीती, स्वतःचा मीपणाही. मग 'इल्लल्लाह' हा होकार, तो हृदयावर उतरवायचा. नकाराच्या अर्ध्यापर्यंत दोन साधक खांद्याला खांदा लावून चालू शकतात. मग एक जण घर झाडून रिकामं करतो आणि रिकामंच ठेवतो. तिथे कुणाला आणून बसवणं ही त्याच्या मते पुन्हा पहिलीच चूक. दुसऱ्याने घर झाडलं तेच मुळी कुणीतरी येणार म्हणून.

म्हणूनच 'फना म्हणजेच निर्वाण' हे समीकरण मला पटत नाही. फना म्हणजे मिटून जाणं. तिच्यात साधकाचे गुण मावळतात, पण तिच्यानंतर बका आहे, म्हणजे टिकणं. बगदादचे सूफी जुनैद (निधन ९१०) यांनी शुद्धीवर परत येण्याला ईश्वरी नशेपेक्षा वरचं मानलं, आणि परत आलेला माणूस बंदाच असतो, दासच. निर्वाण म्हणजे राग, द्वेष, मोह यांचं विझणं. तिथे विलीन व्हायला कुणी नाही आणि विलीन व्हायला ठिकाणही नाही. दोन्ही अनुभवांची चव सारखी असेल का? असेलही. पण साधनेत माणूस पुढचं पाऊल अर्थावर टाकतो, चवीवर नाही.

तंत्राच्या पातळीवर साम्यं भरपूर आहेत. ख्वाजा अब्दुल खालिक गिज्दुवानींनी नक्शबंदी वाटेचे आठ नियम घालून दिले. त्यातला पहिला 'होश दर दम', प्रत्येक दमात होश. पुढचा 'नजर बर कदम', नजर पावलावर. चंक्रमण, म्हणजे चालता चालता ध्यान, करणाऱ्या भिक्खूला यातलं एकही समजावून सांगावं लागणार नाही. आणखी एक आहे 'खलवत दर अंजुमन', गर्दीत एकांत. बहाउद्दीन नक्शबंद (१३१८–१३८९) यांनी पुढे तीन नियम जोडले, त्यात जिक्राच्या आकड्याचं भान आहे. बुद्धघोषही नवख्याला श्वास मोजायला सांगतात, पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये. कुरआनात (३:१९१) उभं असताना, बसलेलं असताना आणि कुशीवर असताना अल्लाहला आठवणाऱ्यांचं वर्णन आहे. सतिपट्ठानातही चालणं, उभं राहणं, बसणं, आडवं होणं हे चारही आहेत. दहा दिवसांचा एतिकाफ आणि दहा दिवसांचं विपश्यना शिबिर ही जोडी लोक फार आवडीने सांगतात, पण शिबिराचा दहाचा आकडा आधुनिक आहे. त्यावर इमले बांधू नका.

मग कुणी कुणाकडून घेतलं का? दोघे शेजारी होते, हे नक्की. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खजवळ 'नवविहार' नावाचा मोठा बौद्ध विहार होता, सातव्या शतकात ह्युएनत्संग तिथे गेला होता. त्या विहाराच्या प्रमुखांचं घराणं म्हणजे बर्मकी. तेच पुढे मुसलमान होऊन अब्बासी खलिफांचे वजीर झाले आणि ८०३ साली हारून अल-रशीदच्या रोषाला बळी पडले. राज्य सोडून फकीर झालेल्या इब्राहिम इब्न अदहमची कथाही बल्खचीच, आणि ती सिद्धार्थाच्या गृहत्यागाची आठवण करून देते. बुद्धचरित्र अरबीत 'बिलौहर व बुदासफ' या नावाने फिरत होतं. एवढ्यावरून मुराकबा बौद्धांकडून आला असं म्हणणं मात्र घाईचं आहे. त्याची मुळं कुरआन आणि हदीसमध्ये धडधडीत दिसतात, आणि मुहासब्यावरून नाव पडलेले अल-मुहासिबी (निधन ८५७) बसऱ्यात जन्मले आणि बगदादला राहिले, बल्खला नव्हे. श्वास सगळ्यांनाच आहे, तो कुणाकडून उसना घ्यावा लागत नाही.

दोन्ही परंपरा आतून एकसंध नाहीत, हेही लक्षात असू द्या. मोठ्या आवाजातला सामूहिक जिक्र, समा म्हणजे संगीताची बैठक, मुर्शिदाची म्हणजे गुरूची मनात कल्पना करणं, यांना बिदअत, म्हणजे धर्मात नसलेली नवी भर, म्हणणारे आलिम, म्हणजे धर्मपंडित, पुष्कळ आहेत. नक्शबंदींचा मूक जिक्रही काहींना मान्य नाही. बौद्धांकडे समथ, म्हणजे मन शांत करणं, आधी की विपस्सना, म्हणजे खोलवर बघणं, आधी, झानं, म्हणजे खोल एकाग्रतेच्या अवस्था, हवीत की नकोत, यावर आजही भांडणं चालतात. ब्रह्मदेशातले भिक्खू महासी सयाडो यांच्या पद्धतीत पोटाच्या हालचालीला 'फुगतंय, बसतंय' अशी मनातल्या मनात नावं देतात. गोएंका गुरुजींच्या परंपरेत श्वासाला कोणताच शब्द जोडू देत नाहीत. शब्दाने मन लवकर एकाग्र होतं, पण संवेदना झाकली जाते, असं त्यामागचं कारण.

आता तुमच्या प्रश्नातल्या त्या 'अल्लाह' नावाकडे येतो. ते श्वासावर चढतं यात बिघडलं काहीच नाही. लहानपणी जे रुजलेलं असतं, ते मन शांत झालं की वर येतं. प्रश्न त्याला काय मानायचं हा आहे. आनापानाच्या नियमाने त्याला उठलेला आणि जाणारा एक शब्द म्हणून बघायला हवं. श्रद्धावान माणसाला ते जड जाईल, आणि जड जावं हेच मला योग्य वाटतं. अल्लाहच्या नावाला 'विचार, विचार' अशी चिठ्ठी लावून बाजूला करायला मी तुम्हाला सांगणार नाही. उलट त्याला श्वासाचा ठोका म्हणून वापरलंत, तर तो जिक्रही नाही आणि आनापानही नाही. नावाने गुंगी येईल आणि तुम्ही तिला समाधी समजाल. मी अशी गुंगी वर्षभर जपलेले लोक बघितले आहेत.

म्हणून बसण्याआधी ठरवा. नियत हा तुमच्याच परंपरेतला शब्द आहे. सकाळची बैठक आनापानाची असेल तर तिच्याआधी किंवा नंतर जिक्र मोकळेपणाने करा, वेगळ्या वेळी, जमल्यास वेगळ्या जागी. आनापानात नाव आलंच तर त्याच्याशी झटापट नको. दोन-तीनदा श्वासाकडे परता. तरी ते थांबत नसेल तर आनापान तिथेच सोडा आणि उरलेला वेळ जिक्राला द्या. अर्धं हे अर्धं ते असं करू नका. महिनाभरात कुठली बैठक आपोआप लांबतेय ते कळेल, आणि माझा अंदाज आहे की ती आनापानाची नसेल. तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका. श्वास बघण्याची आठ महिन्यांची सवय मुराकब्यात उपयोगीच पडेल.

श्वास रोखून धरायचा जिक्र पुस्तक वाचून करू नका. छातीत धडधड, झोप उडणं, असं काही आधीपासून असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच. हे शरियतला चालतं का, हे मला विचारू नका, ते सांगण्याचा मला अधिकार नाही. तुमचा विश्वास असलेल्या आलिमांना विचारा. आणि एखाद्या हलक्यात जायचं ठरवलंत, तर तिथल्या मुर्शिदांना आनापानाबद्दल पहिल्याच दिवशी सांगून टाका. मी तसं सांगितलं नव्हतं, म्हणून तर मला 'वाट कुणाची बघता' हा प्रश्न यायला इतके महिने लागले.